लेझरने केस, डाग, खड्डे आणि टॅटू खरंच कायमचे जातात का? ट्रीटमेंट घेण्याआधी हे समजून घ्या

इन्स्टाग्राम उघडलं की एक रील हमखास दिसतं. डावीकडे पिंपल्सच्या खड्ड्यांनी भरलेला गाल, उजवीकडे तोच गाल गुळगुळीत. खाली लिहिलेलं असतं, 'फक्त एका सेशनमध्ये. वेदना नाही, साइड इफेक्ट नाही. आजच बुक करा, ५० टक्के सूट.'

कुणाचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं असतं, कुणी हनुवटीवरच्या केसांना वैतागलेली असते, तर कुणाला भरतीसाठी हातावरचा टॅटू काढायचा असतो. मग आपण त्या जाहिरातीवर क्लिक करतो. पण मशीन कोणतं आहे, ते कोण चालवणार आहे आणि आपल्या त्वचेला ते चालेल का, हे प्रश्न फार थोडे जण विचारतात. त्याची किंमत कधीकधी चेहऱ्यावर भाजल्याचा डाग घेऊन चुकवावी लागते.

लेझर चांगलं की वाईट, असा हा मुद्दा नाही. योग्य माणसाच्या हातात ते अनेक तक्रारींवर उत्तम काम करतं. पण ते कशावर चालतं, कशावर चालत नाही आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला त्याचा धोका जास्त का असतो, हे माहीत असायला हवं.

लेझर म्हणजे नेमकं काय?

लेझर म्हणजे प्रकाशच. पण बल्बच्या प्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात आणि तो चहूकडे पसरतो. लेझरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा, म्हणजे एकाच 'रंगाचा' असतो आणि तो एका अरुंद झोतात जातो. त्यामुळे खूप ऊर्जा एका छोट्या जागी, अगदी ठरवून देता येते.

यामागची मूळ कल्पना अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडली. प्रत्यक्ष पहिला लेझर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये तयार केला. त्यानंतर काही वर्षांतच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्वचेवर त्याचे प्रयोग सुरू केले.

या इतिहासात महाराष्ट्राचंही एक नाव आहे. पिंपल्सच्या खड्ड्यांसाठी आज जो कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात, त्याचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये सी. कुमार पटेल यांनी लावला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातलं.

लेझर त्वचेवर काम कसं करतं?

सुरुवातीच्या लेझरमध्ये एक मोठी अडचण होती. डाग जायचा, पण आजूबाजूची त्वचाही भाजायची आणि व्रण राहायचा.

१९८३ मध्ये हार्वर्डच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी यावरचं तत्त्व मांडलं. ते दोन गोष्टींवर उभं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, त्वचेतला प्रत्येक घटक वेगवेगळा प्रकाश शोषतो. केसांतलं आणि डागांतलं मेलॅनिन एका पट्ट्यातला प्रकाश जास्त शोषतं, रक्तातलं हिमोग्लोबिन दुसऱ्या, तर पेशींमधलं पाणी तिसऱ्या. ज्याला लक्ष्य करायचं त्यानुसार तरंगलांबी निवडायची.

दुसरी गोष्ट वेळेची. तापलेल्या तव्याला बोट निसटतं लागलं तर चटका बसतो, पण बोट तिथेच ठेवलं तर फोड येतो. तसंच प्रकाशाचा झोत इतक्या कमी वेळासाठी द्यायचा की लक्ष्य तापेल, पण ती उष्णता शेजारी पसरायच्या आत झोत थांबेल. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या, अब्जाव्या, तर 'पिको' लेझरमध्ये त्याहूनही हजारपट लहान भागात मोजतात.

म्हणून 'लेझर' हे एका मशीनचं नाव नाही. केस काढायचं मशीन वेगळं, टॅटूचं वेगळं, खड्ड्यांचं वेगळं. 'आमच्याकडे एकच मशीन आहे, सगळ्यावर चालतं' असं कुणी म्हणालं, तर तिथेच सावध व्हा.

आणखी एक गोंधळ दूर करू. 'आयपीएल' हे लेझर नाही. त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असतो. 'एमएनआरएफ' हेही लेझर नाही, त्यात बारीक सुयांमधून रेडिओ लहरींची उष्णता देतात. दोन्हींचा उपयोग आहे, पण लेझरच्या नावाने आणि लेझरच्या दराने ती विकली जात असतील तर तसं विचारायला हवं.

आपल्या त्वचेच्या रंगाचा इथे काय संबंध?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

त्वचा उन्हाला कसा प्रतिसाद देते, यावरून डॉक्टर तिचे सहा प्रकार करतात. अमेरिकेचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये या पद्धतीची सुरुवात केली. पहिला प्रकार म्हणजे उन्हात लगेच लाल होणारी, कधीच न रापणारी गोरी त्वचा. सहावा म्हणजे गडद काळी. बहुतेक भारतीयांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात येते.

आता अडचण लक्षात घ्या. केसांवरचं लेझर केसांतल्या मेलॅनिनला शोधतं. पण आपल्या त्वचेच्या वरच्या थरातही भरपूर मेलॅनिन असतं. त्यामुळे प्रकाश केसाच्या मुळापर्यंत पोहोचायच्या आधीच त्वचा त्यातला काही भाग शोषून घेते आणि तापते. ऊर्जा थोडी जास्त झाली की भाजतं.

शिवाय आपल्या त्वचेची एक सवय आहे. तिला इजा झाली की बरी होताना ती काळी पडते. पिंपल गेल्यावर काळा डाग राहतो, डास चावला की महिनोन्महिने खूण राहते, ती याचमुळे. लेझरने जरा जास्त चटका बसला तरी तेच होतं. म्हणजे डाग घालवायला जावं आणि नवा डाग घेऊन यावं.

यावर उपाय आहेत. सावळ्या त्वचेसाठी लांब तरंगलांबीचे लेझर जास्त सुरक्षित ठरतात, कारण ते वरच्या मेलॅनिनला तुलनेने कमी तापवतात आणि खोल जातात. १०६४ नॅनोमीटरचं 'एनडी-याग' आणि ८१० नॅनोमीटरच्या आसपासचं 'डायोड' ही त्यातली आपल्याकडे प्रचलित नावं. सोबत ऊर्जा कमी, झोताचा कालावधी जास्त आणि त्वचा थंड ठेवण्याची सोय लागते. हे सगळं बटणं फिरवून ठरतं आणि ती बटणं कुणी फिरवायची हा कळीचा प्रश्न आहे.

१. नको असलेले केस

लेझरचा सगळ्यात जास्त वापर याच कामासाठी होतो आणि त्याचे परिणामही चांगले मिळतात. पण जाहिरातीतला 'पर्मनंट रिमूव्हल' हा शब्द बरोबर नाही. अमेरिकेचं औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, यासाठी 'पर्मनंट रिडक्शन' असा शब्द वापरतं. म्हणजे केस कायमचे कमी होतात, सगळे कायमचे नाहीसे होतात असं नाही. जे पुन्हा येतात ते बरेचदा बारीक आणि फिकट असतात.

एका सेशनमध्ये काम का होत नाही? कारण सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही वाढत असतात, काही विश्रांतीच्या टप्प्यात असतात. लेझरचा परिणाम मुख्यतः वाढणाऱ्या केसांवर होतो. म्हणून चेहऱ्यासाठी साधारण ४ ते ६ आठवड्यांच्या, तर हातापायांसाठी ६ ते ८ आठवड्यांच्या अंतराने ६ ते ८ सेशन लागतात. काहींना त्याहून जास्त.

लग्न दोन महिन्यांवर असताना 'फुल बॉडी' पॅकेज घेतलं, तर मुहूर्ताआधी फार तर दोन सेशन होतील, हे इथेच कळतं.

पांढऱ्या केसांवर आणि अगदी फिकट लवीवर लेझर चालत नाही, कारण त्यात शोषायला मेलॅनिनच नसतं.

पीसीओएस असलेल्या मुलींनी हे खास लक्षात ठेवावं. हनुवटी, गळा, कल्ले इथे जाड केस येत असतील, पाळी अनियमित असेल, तर आधी हार्मोन्सची तपासणी करून घ्या. आतलं कारण तसंच राहिलं तर नवे केस येत राहतात आणि अधूनमधून लेझर चालू ठेवावं लागतं. यात लेझरचा दोष नसतो, पण हे आधी सांगितलेलं नसतं म्हणून फसवल्यासारखं वाटतं.

काही जणांना उलटाच परिणाम दिसतो. लेझरनंतर केस वाढतात किंवा आजूबाजूची लव जाड होते. हे क्वचित घडतं, पण सावळ्या त्वचेत, चेहऱ्यावर आणि हार्मोन्सची तक्रार असताना याची शक्यता जास्त असते. तसं वाटलं तर डॉक्टरांना लगेच सांगा.

२. वांग आणि काळे डाग

गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना सारखेच तपकिरी चट्टे आले की त्याला आपण वांग म्हणतो. डॉक्टर त्याला 'मेलाझ्मा' म्हणतात. ऊन, हार्मोन्स, गरोदरपण, काही गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता ही त्याची कारणं.

वांगावर लेझर हा पहिला उपाय नाही. पहिला उपाय सनस्क्रीन, दुसरा डॉक्टरांनी लिहून दिलेली क्रीम्स, गरज पडली तर पोटात घ्यायची औषधं. इतकं करूनही फरक पडला नाही तर काही डॉक्टर अगदी कमी ऊर्जेचं 'लेझर टोनिंग' सुचवतात. त्यानेही वांग परत येतं, कारण लेझर साचलेलं मेलॅनिन फोडतं, ते बनवायची पेशींची सवय मोडत नाही.

उष्णता जास्त झाली तर वांग आणखी गडद होतं. आणि टोनिंगची सेशन्स फार जास्त झाली तर चट्ट्यांच्या मध्ये ठिपक्यांसारखे पांढरे डाग पडू शकतात. ते भरून यायला खूप वेळ लागतो, काही वेळा ते राहूनही जातात.

पिंपल्स गेल्यावर राहणारे काळे डाग ही वेगळी गोष्ट आहे. ते बहुतेक वेळा उन्हापासून जपलं आणि साधी औषधं लावली की काही महिन्यांत फिके होतात. तिथे घाईने लेझर करून घ्यायची गरज नसते.

एक कबुली द्यायला हवी. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेलं 'गोरं होण्याचं' क्रीम तुम्ही लावत असाल, तर ते लेझरच्या आधी डॉक्टरांना सांगा. अशा अनेक क्रीम्समध्ये स्टेरॉइड असतं. त्याने चेहऱ्याची त्वचा पातळ आणि नाजूक होते आणि अशा त्वचेवर लेझर मारलं तर त्रास वाढतो.

३. पिंपल्सचे खड्डे

नियम साधा आहे. आधी पिंपल्स थांबवायचे, मग खड्ड्यांकडे वळायचं. नवे पिंपल्स येतच असतील तर नवे खड्डेही पडत राहणार.

खड्ड्यांसाठी 'फ्रॅक्शनल' लेझर वापरतात. २००४ मध्ये ही पद्धत पुढे आली. यात सगळी त्वचा एकदम न भाजता तिच्यात चाळणीसारखी हजारो सूक्ष्म छिद्रं पाडतात. मधली त्वचा शाबूत राहते, त्यामुळे ती लवकर भरून येते आणि आत नवं कोलॅजन तयार होतं.

कार्बन डायऑक्साइड लेझरनंतर चेहरा लाल होतो, सुजतो, मग बारीक तपकिरी खपल्या धरतात. हे साधारण ५ ते ७ दिवस चालतं. म्हणजे 'लंच ब्रेकमध्ये करून या' असा हा प्रकार नाही. महिना किंवा त्याहून जास्त अंतराने ३ ते ५ सेशन लागू शकतात आणि खरा परिणाम शेवटच्या सेशननंतर काही महिन्यांनी दिसतो.

खड्डे किती भरतील हे त्यांच्या प्रकारावर ठरतं. टोचल्यासारखे खोल, अरुंद खड्डे केवळ लेझरने फारसे हटत नाहीत. त्यात विशिष्ट आम्लाचा थेंब टाकावा लागतो. लाटांसारखे पसरट खड्डे खालून तंतूंनी ओढले गेलेले असतात, ते सुईने सोडवावे लागतात. चांगले डॉक्टर म्हणूनच दोन-तीन उपाय एकत्र करतात. सुधारणा होते, कधी बरीच होते. पण खड्डे पडायच्या आधीची त्वचा परत मिळेल, असं वचन कुणी देऊ शकत नाही.

४. टॅटू आणि गोंदण

टॅटूची शाई आपल्या शरीरातल्या पेशींनी गिळून तिथेच धरून ठेवलेली असते. तिचे कण मोठे असल्यामुळे ते शरीराला बाहेर नेता येत नाहीत. लेझर त्या कणांचा अतिशय कमी वेळात भुगा करतं. मग शरीर तो भुगा हळूहळू साफ करतं. म्हणून दोन सेशनमध्ये ६ ते ८ आठवड्यांचं अंतर लागतं. घाई केली तर टॅटू लवकर जात नाही, त्वचाच जास्त दुखावते.

काळा आणि गडद निळा रंग चांगला जातो. हिरवा, पिवळा, आकाशी हट्टी असतात. काजळीने गोंदलेलं जुनं पारंपरिक गोंदण एकाच काळ्या रंगाचं असल्याने रंगीत व्यावसायिक टॅटूपेक्षा बऱ्याचदा लवकर जातं. रंगीत टॅटूला दहा किंवा त्याहून अधिक सेशनही लागू शकतात आणि शेवटी फिकट सावली राहू शकते.

भुवया किंवा ओठांवर केलेल्या कॉस्मेटिक टॅटूबद्दल खास काळजी घ्या. त्यातल्या गुलाबी, तपकिरी, त्वचेच्या किंवा पांढऱ्या शाईत लोखंड आणि टायटॅनियमची संयुगं असतात. लेझर लागताच ती काळीकुट्ट होऊ शकतात. म्हणून आधी कोपऱ्यात लहानशी चाचणी करून घेणं गरजेचं असतं.

सैन्यात भरतीची तयारी करत असाल, तर टॅटूबाबतचे नियम आधी वाचा आणि हातात वर्षभराचा तरी वेळ ठेवा. शारीरिक चाचणीच्या महिनाभर आधी धावपळ करून हे जमत नाही.

५. लेझर जिथे नको, किंवा आधी तपासणी हवी

तीळ आणि चामखीळ: चामखीळ लेझरने सहज निघते. पण तीळ जर आकाराने वाढत असेल, रंग बदलत असेल, कडा वाकड्यातिकड्या असतील किंवा रक्त येत असेल, तर तो जाळून टाकू नका. क्वचित तो कर्करोग असू शकतो. एकदा जाळला की तपासायला काही उरत नाही आणि निदान लांबतं.

काळी मान, काळ्या काखा: त्वचा काळी, जाड आणि मखमलीसारखी झाली असेल तर ते बरेचदा वाढलेलं वजन आणि इन्सुलिनच्या बिघाडाचं लक्षण असतं. इथे आधी साखर तपासायला हवी. नुसतं लेझर मारून ती मान उजळणार नाही.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं: कधी ते रंगद्रव्य असतं, कधी डोळ्यांखालच्या खळगीची सावली, कधी पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या. कारण कळल्याशिवाय उपाय ठरत नाही.

गोरेपणा: कोणतंही लेझर तुमचा मूळ रंग बदलत नाही. 'कार्बन पील' किंवा 'हॉलिवूड फेशिअल'ने त्वचा काही दिवस तजेलदार दिसते, मग पूर्ववत होते. तुमच्या मूळ रंगाला मुळात कसलाही इलाज लागत नाही, तो आजार नाही.

यात धोके कोणते?

ट्रीटमेंटनंतर काही तास लालसरपणा, थोडी सूज, उन्हात पोळल्यासारखं वाटणं हे अपेक्षित आहे. पुढच्या गोष्टी मात्र अपेक्षित नाहीत.

- फोड येणं, त्वचा भाजणं
- काळे किंवा पांढरे डाग पडणं
- व्रण राहणं, ज्यांची तशी प्रवृत्ती आहे त्यांना उंच वाढणारे व्रण, म्हणजे केलॉइड येणं
- जंतुसंसर्ग, किंवा ओठांभोवती पूर्वी येऊन गेलेल्या नागिणीसारख्या फोडांचा, म्हणजे हर्पीसचा पुन्हा उद्रेक
- डोळ्यांना इजा

शेवटचा मुद्दा गंभीर आहे. लेझरचा झोत डोळ्यात गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे तुम्हाला आणि मशीन चालवणाऱ्याला, दोघांनाही त्याच लेझरसाठी बनवलेला चष्मा किंवा डोळ्यांची ढाल हवीच. डोळ्यांवर ओला कापूस ठेवणं पुरेसं नाही.

बधिर करण्याच्या क्रीमलाही हलक्यात घेऊ नका. अमेरिकेत लेझरने केस काढण्याआधी पायांना असं तीव्र क्रीम लावून वरून प्लॅस्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणींचा मृत्यू झाला होता. त्यानंतर २००७ मध्ये तिथल्या एफडीएने जाहीर इशारा दिला. मोठ्या भागावर लावलेलं औषध रक्तात उतरतं. म्हणून ते किती, कुठे आणि किती वेळ लावायचं हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

लेझर कुणाकडून करून घ्यावं?

गल्लोगल्ली 'स्किन क्लिनिक', 'एस्थेटिक सेंटर' अशा पाट्या दिसतात. पाटीवरचा शब्द ही पदवी नव्हे. एक-दोन आठवड्यांचा कोर्स केलेल्या व्यक्तीला 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' म्हणवून घेता येतं, पण त्याने ती त्वचारोगतज्ज्ञ होत नाही.

एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेल्या डॉक्टरांना त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून तपासता येते. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

अनेक ठिकाणी डॉक्टर तपासतात आणि मशीन प्रशिक्षित टेक्निशियन चालवतात. तिथे डॉक्टर प्रत्यक्ष हजर आहेत का आणि सेटिंग कोण ठरवतं, हे विचारा.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न:

1. माझ्या तक्रारीचं नेमकं निदान काय आहे?
2. लेझरशिवाय दुसरा उपाय आहे का?
3. कोणतं लेझर वापरणार? माझ्या रंगाच्या त्वचेवर ते तुम्ही किती काळ वापरत आहात?
4. आधी लहान जागी टेस्ट करणार का?
5. किती सेशन, किती महिने, एकूण खर्च किती?
6. किती टक्के सुधारणेची अपेक्षा ठेवू?
7. काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा आणि त्याचा खर्च कुणाचा?

या प्रश्नांनी चांगला डॉक्टर चिडत नाही. समोरची व्यक्ती उत्तर टाळून 'आज ऑफर संपतेय' म्हणत असेल, तर उठून या. उद्याही मशीन तिथेच असणार आहे.

आधी आणि नंतर काय पाळायचं?

ट्रीटमेंटच्या आधी काही आठवडे उन्हात रापणं टाळा. केसांचं लेझर असेल तर त्याआधी महिनाभर वॅक्सिंग, थ्रेडिंग, प्लकिंग बंद ठेवा. या सगळ्यांत केस मुळापासून निघतो आणि मग लेझरला लक्ष्यच राहत नाही. शेव्हिंग चालतं. त्याने केस जाड होतात हा गैरसमज आहे.

घेत असलेली सगळी औषधं सांगा. पिंपल्ससाठीचं आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर ते आवर्जून सांगा. आयसोट्रेटिनॉइननंतर सहा महिने कोणतंही लेझर नको, असा जुना नियम होता. आता अनेक डॉक्टर लेझरच्या प्रकारानुसार निर्णय घेतात, पण त्यासाठी त्यांना माहिती असायला हवी. गरोदर असाल तर सौंदर्यासाठीच्या ट्रीटमेंट बाळंतपणानंतर केलेल्या बऱ्या.

नंतर सगळ्यात मोठी जबाबदारी उन्हाची. किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी. वांग असेल तर रंग मिसळलेलं, म्हणजे 'टिंटेड' सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग वाढतं. दुचाकीवर स्कार्फ बांधणं उत्तमच. खपल्या नखाने काढू नका. हळद, लिंबू, टूथपेस्ट यातलं काही लावू नका.

खर्चाचं गणित

जाहिरातीत दर बहुतेक एका सेशनचा असतो. त्याला एकूण सेशन्सनी गुणा, औषधं आणि सनस्क्रीन मिळवा, वर्ष-दोन वर्षांनी लागणारी 'टच-अप' सेशन्स धरा. सौंदर्यासाठीच्या उपचारांना आरोग्य विम्याचं संरक्षण साधारणपणे मिळत नाही.

सगळे पैसे आधी भरून घेणाऱ्या पॅकेजपेक्षा दर सेशनला पैसे देणं चांगलं. परिणाम पटला नाही तर थांबता येतं.

बजेट कमी असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. मुंबईचं केईएम, सायन, नायर, जेजे किंवा पुण्याचं ससून ही काही उदाहरणं. रांग लावावी लागते, पण निदान तज्ज्ञांकडून होतं. आणि अनेकदा तिथेच कळतं की आपल्याला लेझरची गरजच नाही.

काही बिघडलंच तर?

फोड आले, जळजळ थांबत नाही किंवा डोळ्याला त्रास होतोय, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. गार, स्वच्छ पाण्याच्या पट्ट्या ठेवा, थेट बर्फ लावू नका आणि त्वचारोगतज्ज्ञांना गाठा. डोळ्यांसाठी थेट नेत्ररोगतज्ज्ञ. भाजल्यावर लवकर उपचार झाले तर डाग राहायची शक्यता कमी होते.

रोज त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. पावत्या, संमतिपत्र, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपा.

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. डॉक्टरांच्या निष्काळजीपणाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. उपचार करणारी व्यक्ती डॉक्टरच नसेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग किंवा पोलिसांकडे जा.

आणि त्या रील्सचं काय?

'बिफोर-आफ्टर' फोटो पाहताना तीन गोष्टी बघा. दोन्ही फोटोंत उजेड सारखा आहे का? कोन तोच आहे का? 'आफ्टर'मध्ये मेकअप किंवा फिल्टर आहे का? खड्डे बाजूने पडलेल्या उजेडात ठळक दिसतात, समोरच्या उजेडात गायब होतात. नुसता दिवा हलवून 'रिझल्ट' दाखवता येतो.

पैसे किंवा फुकट सेवा घेऊन प्रचार करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने तसं स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. आरोग्याबद्दल बोलणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये वेगळ्या सूचनाही काढल्या. तरीही एखाद्याच्या चेहऱ्यावर चाललेलं लेझर तुमच्या चेहऱ्यावर चालेलच असं नाही. त्वचेचा रंग, डागाचं कारण, हार्मोन्स, सगळंच वेगळं असतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी निदान, मग साधे उपाय, मग लहान जागी टेस्ट, मग लेझर. डाग महिनोन्महिने चेहऱ्यावर आहे, तो आणखी पंधरा दिवस राहिला तर काही बिघडत नाही. पण चुकीच्या हातांनी झालेलं भाजणं आयुष्यभर सोबत राहू शकतं.